हा ‘१’ कुणासाठी? लेक डिस्ट्रिक्टचे वाहनमुक्त सायकलमार्ग आणि माझा फसलेला रकाना

पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी मी माझ्या सुपरवायझरना एक तक्ता दाखवला होता. उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधले सायकलमार्ग, प्रत्येक तुकड्याची लांबी, चढ, आणि शेवटच्या रकान्यात ‘वाहनमुक्त’: हो असेल तर १, नसेल तर ०. ओपनस्ट्रीटमॅपवरून डेटा उतरवला, ज्या रेषेवर मोटारींना बंदी असल्याची नोंद आहे तिला १ दिला, झालं. चार ओळींचा कोड. मला तर तो तक्ता फार देखणा वाटत होता.

त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला आणि एवढंच विचारलं, “हा १ कुणासाठी १ आहे?”

मला उत्तर देता आलं नाही. त्या एका प्रश्नापायी अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, सात महिने गेले. तुमच्यापैकी जे आत्ता सिनॉप्सिस लिहितायत, व्हेरिएबल ठरवतायत, त्यांचे तरी हे महिने वाचावेत म्हणून ही पोस्ट. सायकलीत रस नसेल तरी वाचा. तुमचा रकाना ‘साक्षर’, ‘शहरी’ किंवा ‘वनाच्छादित’ असेल, दुखणं तेच आहे.

आधी प्रदेश समजून घ्या. लेक डिस्ट्रिक्ट हे १९५१ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, २०१७ पासून जागतिक वारसास्थळ. सर्वात उंच डोंगर स्काफेल पाइक, उंची ९७८ मीटर. कळसूबाईच्या गावच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पण उंचीवर जाऊ नका. हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या आहेत, कडा एकदम उभ्या, तळाशी लांबट तळी, उतारावर ओकची रानं आणि वनखात्याने लावलेली सूचिपर्णी जंगलं. आणि या दऱ्या मध्यापासून बाहेर चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरल्यात. ही उपमा माझी नाही, कवी वर्ड्स्वर्थने आपल्या प्रवासी मार्गदर्शिकेत ती दिली आहे. आऱ्यांचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशा भूभागात मोटारींशिवायचा सपाट रस्ता मिळणार कुठे? जुन्या रेल्वेमार्गावर. रेल्वेला मोठा चढ झेपत नाही, त्यामुळे इंजिनिअरांनी दीडशे वर्षांपूर्वीच डोंगरातली सर्वात सौम्य रेषा शोधून ठेवलेली असते. केझिक ते थ्रेल्केल्ड हा सुमारे ५ किलोमीटरचा मार्ग तसाच. कॉकरमथ-केझिक-पेनरिथ रेल्वे १८६०च्या दशकात सुरू झाली, केझिक ते पेनरिथ हा शेवटचा तुकडा १९७२ मध्ये बंद पडला. मग त्या जागेवर चालण्या-सायकलीची वाट झाली. ग्रेटा नदी दर थोड्या वेळाने इकडून तिकडे होते, तुम्ही पुलामागून पूल ओलांडता, दोन्ही बाजूंना झाडी. समुद्रापासून समुद्रापर्यंत जाणाऱ्या सुमारे १४० मैलांच्या सी-टू-सी सायकलमार्गाचाही हा भाग आहे.

मागच्या मे महिन्यात आई इथे आली होती तेव्हा तिला तिथे घेऊन गेले. आई अठ्ठावन्न वर्षांची. साताऱ्यात कॉलेजला सायकलने जायची, त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं सायकलला हात नाही. पेनरिथपर्यंत रेल्वे, तिथून बस, केझिकमध्ये भाड्याच्या सायकली. पहिले दहा मिनिटं ती हँडल घट्ट धरून होती. नंतर ती माझ्या पुढे गेली. मागे वळून बघायलाही तयार नाही. थ्रेल्केल्डच्या टोकाला पोहोचलो, समोर ए-६६ महामार्गाची घरघर ऐकू यायला लागली. आई उतरली आणि म्हणाली, “आता पुढे?”

पुढे छोटे गावरस्ते आहेत, काही ठिकाणी महामार्गाच्या कडेकडेने जाणारी पट्टी आहे. मी एकटी असते तर गेले असते. आईला म्हटलं, आता मागे. आलो तसे परतलो.

माझ्या तक्त्यात हा तुकडा १ होता, पूर्ण बरोबर होता. पण ‘आता पुढे?’ या प्रश्नाला त्यात जागाच नव्हती.

आता आकड्यांकडे येऊ, कारण फसगत तिथे सुरू होते. ब्रिटनचं राष्ट्रीय सायकल जाळं उभारणाऱ्या सस्ट्रान्स या संस्थेने २०१८ मध्ये स्वतःच्याच जाळ्याची तपासणी करून अहवाल काढला. मला तो मनापासून आवडतो, कारण त्यात ‘कुणासाठी?’ला सरळ उत्तर आहे: बारा वर्षांचं समंजस मूल एकटं जाऊ शकेल असा मार्ग. या फूटपट्टीने मोजल्यावर ४६ टक्के लांबी वाईट किंवा अतिशय वाईट निघाली. शिवाय वाटेतले अडसर मोजले, म्हणजे फाटकं, नागमोडी लोखंडी कठडे, खांब. ते निघाले १६ हजारांच्या वर. आपलंच काम असं जाहीरपणे तपासणारी संस्था विरळा, हे श्रेय द्यायलाच हवं.

त्या अहवालात एकूण जाळं होतं १६,५७५ मैल, त्यातले वाहनमुक्त ५,२७३ मैल. म्हणजे जवळपास ३२ टक्के. २०२० मध्ये संस्थेने जाळ्याचा सुमारे पाव हिस्सा, मुख्यतः धोक्याचे वाटणारे रस्त्यावरचे तुकडे, अधिकृत मार्गातून काढला किंवा वेगळ्या वर्गात टाकला. उरलं साधारण १२,७०० मैल. वाहनमुक्त लांबी तेवढीच, ५,२०० च्या आसपास. आता भागाकार करा. ४१ टक्के!

कुदळ न मारता नऊ टक्केबिंदूंची वाढ. छेद बदलला की टक्का बदलतो, हे आपण सातवीत शिकतो आणि पीएचडीत विसरतो. गैरसमज नको, धोक्याच्या रस्त्यावर ‘सायकलमार्ग’ अशी पाटी ठेवण्यापेक्षा ती काढणं केव्हाही प्रामाणिक. माझी तक्रार संस्थेवर नाही, हे दोन टक्के शेजारी ठेवून ‘सुधारणा’ असा आलेख काढणाऱ्या विद्यार्थ्यावर आहे. तो आलेख मी काढला होता. निळ्या रंगात.

टक्क्यातला दुसरा दोष याहून खोल आहे. समजा ३० किलोमीटरचा एक मार्ग आहे. २९ किलोमीटर तळ्याकाठाने, रानातून, एकही मोटार नाही. मधोमध १ किलोमीटर ट्रकवाल्या महामार्गावरून. टक्केवारी म्हणेल ९७ टक्के वाहनमुक्त. माझी आई म्हणेल शून्य, कारण ती त्या किलोमीटरपाशी थांबणार. सरासरी ही गोष्ट पावसासाठी ठीक, साखळीसाठी नाही. साखळीची ताकद कच्च्या कडीइतकी.

हे ओळखणारी एक पद्धत आहे आणि वाहतुकीवर काम करणार असाल तर ती तुम्हाला भेटणारच. २०१२ मध्ये मेकुरिया, फर्थ आणि निक्सन या तिघांनी सॅन होजे शहराच्या रस्त्यांवर ‘लेव्हल ऑफ ट्रॅफिक स्ट्रेस’ नावाची मोजणी मांडली. आपण ताणपातळी म्हणू. रस्त्यावर लेन किती, वाहनांचा वेग काय, सायकलपट्टी किती रुंद, यांवरून १ ते ४ पातळ्या. १ म्हणजे मुलांनाही चालेल, ४ म्हणजे फक्त निधड्या छातीच्यांना. आणि महत्त्वाचं म्हणजे पूर्ण मार्गाची पातळी सरासरीने ठरत नाही, त्यातल्या सर्वात वाईट तुकड्याने ठरते. नकाशावर फक्त कमी ताणाचे रस्ते ठेवले की शहर सुट्या बेटांसारखं दिसतं, मधून मोठे रस्ते समुद्रासारखे. हा पेपर वाचला तेव्हा वाटलं, सापडलं! माझा रकाना काढायचा आणि हा घालायचा.

घातलाही. दीड महिना त्यात गेला. मग हार्डनॉट खिंड आडवी आली.

हार्डनॉटचा रस्ता म्हणजे एका मोटारीपुरता अरुंद, मध्यरेषा नाही, वाहनं रांगत जातात. प्रत्यक्षातला वेग सूत्रात घातला तर ताणपातळी कमी, म्हणजे ‘चांगला’ मार्ग. आणि चढ? तीनास एक. तीन मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. आपल्या यवतेश्वरच्या घाटात दमणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. सामान लादलेली सायकल तिथे ढकलायलाही जड जाते, आणि उतरताना ब्रेक तापतात ते वेगळंच. सूत्राच्या लेखी मात्र सगळं आलबेल, कारण त्यात चढाला रकानाच नाही. शहरासाठी बनवलेल्या मापाने डोंगर मोजला की असं होतं. मूळ लेखकांचा यात दोष नाही, त्यांनी कुठेच म्हटलं नव्हतं की हे हार्डनॉटवर वापरा.

अजून एक अट त्या पद्धतीत आहे. कमी ताणाचा रस्ता हा सरळ रस्त्यापेक्षा साधारण २५ टक्क्यांहून जास्त लांब पडू नये, नाहीतर लोक तो वापरणार नाहीत असं धरायचं. सॅन होजेत हे पटतं. एक गल्ली सोडली की शेजारची गल्ली आहे. आता ते चाकाचे आरे आठवा. एका दरीतून शेजारच्या दरीत जायचं तर एकतर खिंड चढा, नाहीतर दरीच्या तोंडापर्यंत खाली या आणि वळसा घालून पुन्हा वर जा. हा वळसा २५ टक्क्यांत कसा बसणार? काही ठिकाणी तो दुपटीच्याही पुढे जातो. तेव्हा अटीप्रमाणे म्हणावं लागतं की या दोन दऱ्या जोडलेल्याच नाहीत. पण पर्यटक सायकलवाला कामावर निघालेला नसतो, त्याला वळसा हवाच असतो! वळशासाठीच तर तो आलाय. त्याला किती वळसा चालेल हा आकडा शहराच्या पेपरमधून उचलता येत नाही, तो त्यालाच विचारावा लागतो. मी उचलला होता, आणि खाली संदर्भही दिला होता. संदर्भ दिला की गृहीतक सिद्ध झालं असं आपल्याला का वाटतं कोण जाणे.

इथवरची चूक माझी. पण ज्या वादाने मला हा विषय खरा समजला तो रस्त्याच्या पृष्ठभागाचा आहे.

५ डिसेंबर २०१५ ला डेझमंड वादळ आलं. होनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस, ब्रिटनचा विक्रम. महाबळेश्वरच्या जुलैला सरावलेल्या आपल्याला यात काय विशेष वाटेल, पण इथल्या नद्या, पूल आणि गटारं महाबळेश्वरच्या हिशोबाने बांधलेली नाहीत. ग्रेटा फुगली आणि केझिक-थ्रेल्केल्ड मार्गावरचे पूल आणि वाटेचे तुकडे वाहून गेले. मार्ग पुन्हा पूर्ण सुरू व्हायला २०२० चा डिसेंबर उजाडला. खर्च सुमारे ८० लाख पौंड. त्यात एक सुंदर काम झालं: सत्तरच्या दशकात ए-६६ बांधताना बुजवलेला रेल्वेचा जुना बोगदा पुन्हा खुला केला.

आणि वाटेवर डांबर घातलं.

भांडण पेटलं ते इथे. विरोधकांचं म्हणणं असं की रानातल्या खडी-मातीच्या वाटेला शहरी रस्त्याचं रूप येणार, सायकली वेगाने धावणार, निसर्गाचं वाटेपण जाणार. उद्यान प्राधिकरणाचं म्हणणं असं की डांबर टिकतं आणि व्हीलचेअर, बाळगाडी, हाताने चालवायची सायकल, अधू नजरेची माणसं, सगळ्यांना ते चालतं. दोघांनाही वाहनमुक्तच मार्ग हवा होता, हे लक्षात घ्या. माझ्या तक्त्यात डांबराआधीही १ आणि डांबरानंतरही १. जो बदल इथल्या लोकांना वर्षानुवर्षं भांडण्याइतका मोठा वाटला, तो माझ्या डेटाला दिसतच नव्हता.

आता मी माझं मत लपवणार नाही. मला डांबर बरोबर वाटतं. खडी सुंदर दिसते हे मान्य, पावसाळी सकाळी झाडांखालची ती ओली वाट कुणाला आवडणार नाही? पण ‘वाट नैसर्गिक राहू द्या’ म्हणणारा माणूस बहुधा पायांवर उभा असतो. शिवाय हा मार्ग मुळात रेल्वेचा, म्हणजे भराव, कापलेले कडे आणि लोखंडी पूल. नैसर्गिक ते काय? या प्रदेशात हा युक्तिवाद जुना आहे. १८४४ मध्ये केंडल-विंडरमियर रेल्वेला वर्ड्स्वर्थनेच कडाडून विरोध केला होता, वर्तमानपत्राला पत्रं लिहून. गर्दी आली की सौंदर्याची चव कळणाऱ्यांचं सुख जाणार, असा त्याचा एकूण सूर. रेल्वे १८४७ मध्ये आलीच, आणि आज विंडरमियरला मोटारीशिवाय पोहोचण्याची तीच सोय आहे. म्हणजे आज आपण जिला हिरवा पर्याय म्हणतो, ती तेव्हा निसर्गावरचं आक्रमण होती. अर्थात विरोधकांचा एक मुद्दा मी खोडू शकत नाही: डांबरावर वेग वाढतो, आणि वेगाने आलेल्या सायकलचं भय चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मोटारीच्या भयापेक्षा कमी नसतं. वाहनमुक्त या शब्दात सायकल हे वाहन धरलेलं नाही, ही मोजणाऱ्याची सोय आहे. चालणाऱ्याची नाही.

तुमच्या कामासाठी यातला कळीचा भाग हा. डांबर की खडी हे डेटाने ठरत नाही. डेटा एवढंच सांगेल की कोणत्या पृष्ठभागावर कोण येऊ शकतं. कुणाला येऊ द्यायचं हे मूल्य आहे, आणि ते तुम्ही रकान्याची व्याख्या करतानाच गुपचूप ठरवून टाकलेलं असतं. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ते उघड लिहा. परीक्षक त्यासाठी मार्क कापत नाहीत, लपवलंत तर कापतात.

जंगलातल्या वाटांबद्दल थोडक्यात. नकाशावर वनखात्याचे अंतर्गत रस्ते मोटारींना बंद दिसतात, म्हणून त्यांनाही मी १ दिला होता. पण ही उत्पादनाची जंगलं आहेत. तोड सुरू असली की त्याच रस्त्यावरून लाकडाचे ट्रक जातात. रविवारी १, सोमवारी ०. काळाचा रकाना नसेल तर हे कळणार नाही.

आणि शेवटचा घोळ, पोहोचण्याचा. लेक डिस्ट्रिक्टच्या ईशान्येला, नॉर्थंबरलँडमध्ये, कील्डर नावाचा कृत्रिम जलाशय आहे. साठ्याच्या हिशोबाने ब्रिटनमधला सर्वात मोठा मानवनिर्मित तलाव, भोवती पसरलेलं लागवडीचं जंगल, आणि काठाने फिरणारी २६ मैलांची वाट. कागदावर याहून चांगलं काही नाही: सलग, वळसा पूर्ण होणारी, कच्ची कडी जवळपास नाही. माझ्या सुधारित मोजणीतही ती पहिली आली. पण तिथे जाणार कसे? या खोऱ्यातून पूर्वी बॉर्डर काउंटीज रेल्वे जायची. १९५६ मध्ये तिची प्रवासी गाडी बंद झाली, पुढे तलाव झाला आणि तिच्या जुन्या मार्गाचा काही भाग पाण्याखाली गेला. आज बहुतेक माणसं मोटारीच्या टपावर सायकल बांधून तिथे येतात, मोटार पार्किंगमध्ये लावतात आणि मग वाहनमुक्त होतात. वाट वाहनमुक्त, प्रवास नाही. ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्यासाठी कील्डरचा १ हा ० आहे, आणि परदेशी विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांकडे मोटार नसते हे मी अनुभवाने सांगते.

यातूनच नमुना निवडीची चूक होते. तुम्ही कील्डरच्या काठावर प्रश्नावली घेऊन उभ्या राहिलात आणि विचारलंत, “मार्ग कसा वाटला?” तर उत्तर येणार, छान. कारण ज्यांना पोहोचता आलं नाही, ज्यांची तीनचाकी पहिल्या फाटकातच अडकली, ते तुम्हाला भेटणारच नाहीत. मोजणी यंत्रही आलेल्यांनाच मोजतं. न आलेल्यांना भेटायचं तर बसस्टँडवर जा, शाळेच्या दारात जा, वाटेवर नव्हे. मी आता केझिकच्या मार्गासाठी अर्ध्या मुलाखती पेनरिथ स्टेशनबाहेर घेते. थंडी वाजते, लोक घाईत असतात, पाचातले चार नाही म्हणतात. पण त्या उरलेल्या एकाने सांगितलेलं मला वाटेवर कधीच ऐकायला मिळालं नव्हतं.

तर आता तक्ता असा झाला आहे. एका १-० च्या जागी सहा रकाने: मोटारी केव्हा असतात, पृष्ठभाग, सर्वात तीव्र चढ, सर्वात अरुंद अडसराची रुंदी, तुकडा संपल्यावर पुढे काय, आणि मोटारीशिवाय तिथवर कसं पोहोचायचं. यांची बेरीज करून एक गुण काढत नाही. तीन माणसं ठरवली आहेत: एकटं निघालेलं बारा वर्षांचं मूल, हाताने सायकल चालवणारी व्यक्ती, आणि माझी आई. प्रत्येक तुकड्यावर या तिघांपैकी कोण अडतं आणि कशापाशी अडतं, एवढंच नोंदवते. देखणा नाही राहिला. सुपरवायझरनी पाहिला तेव्हा पुन्हा गप्प झाले, मग म्हणाले की तीनच माणसं का, याचं समर्थन लिही. तेच लिहायला घेतलंय.

थ्रेल्केल्डच्या पुढचा ‘पुढे काय’ हा रकाना अजून अर्धा रिकामा आहे. नकाशावरून भरणार नाही म्हटलंय. एप्रिलमध्ये दिवस मोठे झाले की पेनरिथपर्यंत टेप घेऊन जाणार आहे.